पायाखालची हिरवळ

'अलीगढ' सिनेमा मी मोबाइलवर पाहिला, हेडफोन लावून. पलीकडे आई भाजी निवडत होती.

सिनेमातले प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरास खरे होते. नागपूरचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबत त्यांचं शूटिंग केलं. निलंबन झालं ते सिरासांचंच! १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले.

हे सगळं दोन मिनिटांत सर्च करून मिळतं. त्यांच्या कविता मिळत नाहीत. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह, २००२ साली त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. प्राइडच्या पोस्टमध्ये मात्र ते 'अलीगढचे ते प्रोफेसर' असतात. मला याचा राग येतो. घरात घुसलेल्यांनी त्यांची जी ओळख ठरवली, तीच आपणही फॉरवर्ड करतो, प्रेमाने का होईना.

माझ्याबद्दल ऑफिसात दोघांनाच माहीत आहे. उद्या सगळ्यांना कळलं तर मी लिहिलेला कोड कुणाच्या लक्षात राहील?

म्हणून संग्रह शोधतोय. अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं झाली. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी वहीत टिपून घेतलं: पुस्तकाचं नाव, कवीचं नाव, माझा नंबर. बाकी काही विचारलं नाही.