दिवेलागणीच्या आधी

जेनोव्हात संध्याकाळचे सहा वाजले की बाया नुसत्या बसतात. हे मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा बघितलं. आमच्या बेळगावात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला ताटं वाढलेली हवीत. निपाणीला माहेरी तेच, सासरी तेच. तीस वर्षं ती वेळ मी ओट्यापाशी उभी राहून काढलीय.

लेक तिथं नोकरीला. मी गेले जूनमध्ये. तेव्हा सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. "आई, तुझी तर चैनच," म्हणाली. खरं, पण पोटाचं घड्याळ बेळगावचंच की! सहाला भूक लागायची आणि हॉटेलातलं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. या मधल्या वेळेला तिथं आपेरितिवो म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उघडणं, म्हणजे भूक उघडायची. कडवटसर पेयाचा एक पेला, सोबत ऑलिव्ह, बटाट्याचे काप, फोकाच्चाचे तुकडे. जुनं बंदर रेंझो पियानो या तिथल्याच वास्तुकारानं 1992 साली नव्यानं सजवलं. तिथं माझ्यापेक्षा मोठ्या बाया एका पेल्यावर तासभर बसतात. कुणी "उठा" म्हणत नाही.

फोकाच्चा म्हणजे ऑलिव्ह तेलातला जाड, मऊ पाव. कुणी कुणी पिठात डुकराची चरबी घालतात, म्हणून विचारूनच घ्यायचा. कांद्याचा नको. बटाटे लेकीच्या बशीत. मला किनोत्तो, सावोनाकडच्या लहान कडू संत्र्याचं पेय, दिसायला कोलासारखं, त्यात दारू नाही. पहिला घोट कारल्याच्या रसासारखा. तिसऱ्या दिवशी मीच मागितलं.

लेकीच्या पेल्यात मात्र लालभडक काहीतरी.

"ह्यात काय गं?"

"कांपारी. दारू आहे आई, तुझ्याशी खोटं नाही बोलणार."

वर तिनंच सांगितलं, पूर्वी हा लाल रंग किड्यांपासून काढायचे, 2006 साली कंपनीनं ते बदललं. मला हसावं की रडावं कळेना. किडे गेले म्हणून मद्य चालतं होय? मद्य, मांस, मधु, हे तीन मकार पाठशाळेत पाठ केलेली मुलगी! मला आवडलं नाही, आजही आवडत नाही, आणि तसं तिथंच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पेला बाजूला सारला नाही, पण उठूनही गेली नाही. मीही बसून राहिले.

मग ऊन उतरता उतरता तिनं ठरलेलं लग्न का मोडलं ते सांगितलं. चार वर्षं फोनवर मी विचारत होते, ती "सोड ना आई" म्हणायची. काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

आता घरी मी जेवण पाचलाच उरकते. मग अंगणात खुर्ची टाकून कोकम सरबताचा पेला घेऊन बसते, सूर्य मावळेपर्यंत. हे विचारतात, "भांडी?" मी म्हणते, "बसा की हो जरा."