सतरा नंबरची खोली

सन 2018 च्या एप्रिलअखेरीस आम्ही चौघे, म्हणजे मी, सौ., मुलगा आणि सूनबाई, सांगलीहून निघालो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतलो. हळदीचा हंगाम पुरता संपला नव्हता, त्यामुळे मार्केट यार्डात काहींनी नावे ठेवली. पेढी पुतण्याकडे सोपवून दहा आठवडे बाहेर राहण्याची माझ्या एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यातील ही पहिलीच वेळ. चातुर्मासापूर्वी घरी पोहोचायचेच, एवढी एकच अट सौ.ने घातली होती.

प्रवासाचे निमित्त सांगितले पाहिजे. अडतीस वर्षांच्या मुलाने दिवाळीत शांतपणे विषय काढला होता की, अडत आवरती घ्यावी आणि आपण परदेशी स्थायिक व्हावे. मी रागावलो नाही, पण होही म्हटले नाही. ‘जे गेले त्यांना आधी भेटू, मग बोलू,’ एवढेच म्हणालो.

जे गेले ते माझे मित्रच होते. 1966 ते 1970 मी मुंबईत जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिलो. सतरा नंबरच्या खोलीत आम्ही चौघे होतो. एक मोंबासाचा, एक कंपालाचा, एक पालनपूरचा आणि मी सांगलीचा. आफ्रिकेतील आपली व्यापारी मंडळी तेव्हा मुलांना शिक्षणासाठी मुंबईस पाठवीत. परीक्षा संपल्यावर मोंबासाच्या मित्राने मला भागीदारीसाठी बोलावले होते. आमच्या वडिलांनी पत्र वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मला सौद्याला बसवले. ते पत्र मला परत मिळाले नाही.

मुंबईहून नैरोबीला विमानाने सहा तास लागतात. पूर्वी हाच समुद्र ओलांडायला गलबते हिवाळ्यातील ईशान्येचे वारे धरून जात आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की परतत. जामनगरच्या आसपासच्या ओशवाळ शेतकऱ्यांची मुले छप्पनियाच्या दुष्काळाच्या सुमारास, म्हणजे 1899-1900 मध्ये, अशाच वाटेने गेली. तिकडे मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकणे चालू होते. 1896 ते 1901 या काळात त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले गेले, त्यांतील सुमारे 2,500 तेथेच मरण पावले. रेल्वे जशी आत सरकली तशी तिच्यामागे दुकानेही आत गेली. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, हे ऐकून सूनबाईला हसू आवरेना.

मोंबासाला पोहोचलो तेव्हा तेथील मोठा पाऊस चालू होता. मित्र छत्री घेऊन उभा होता. पंचवीस वर्षांनी भेट. पण पहिले वाक्य, ‘तू अजून घोरतोस का?’ त्याचे घर जुन्या पद्धतीचे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. मुले लंडनला आणि टोरांटोला. दुकान आता एक स्थानिक भागीदार पाहतो आणि मित्र सकाळी दोन तास गल्ल्यामागे बसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने आम्हाला पार्श्वनाथांच्या मंदिरात नेले. 1963 साली प्रतिष्ठा झालेले हे संगमरवरी मंदिर भारताबाहेरील पहिले शिखरबंद मंदिर म्हणून ओळखले जाते. पावसात धुतलेला पांढरा दगड, बाहेर नारळाची झाडे. क्षणभर कोकणात असल्याचा भास झाला.

मॅकिनन मार्केटात मी हळद पाहण्यास गेलो, हे सांगायला नकोच. तेथे तिला ‘मंजानो’ म्हणतात, पिवळ्या रंगाचेही तेच नाव. मी सवयीने एक कांडी मोडून पाहिली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले आणि भाव उतरवला! व्यापाऱ्याला व्यापारी ओळखतो.

विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तेथे सूर्य बाराही महिने साडेसहाच्या सुमारास मावळतो. सौ.च्या सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला याहून सोयीचा देश नाही. घड्याळही निराळे, सूर्योदयापासून तास मोजतात, म्हणून आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो. मित्र मात्र सायंकाळी गच्चीत बसला की गप्प होई. एकदा म्हणाला, ‘तू आला असतास तर आज इथे दोघे बसलो असतो.’ मला काय बोलावे ते सुचले नाही. नैरोबीला परतताना नव्या रेल्वेने पाच तासांत गेलो. वाटेत त्सावोच्या लाल मातीत माखलेले हत्ती दिसले, पण माझे लक्ष त्या वाक्यातच होते.

जूनच्या मध्यावर लेस्टरला पोहोचलो. तेथे सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही. सौ. तरी साडेसहालाच जेवायला बसे. म्हणे, पोटाचे घड्याळ सांगलीचे आहे.

कंपालाचा मित्र 1971 ला घरी परतला आणि पुढच्याच वर्षी, 4 ऑगस्टला, इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. बरोबर नेण्यास जेमतेम पन्नासएक पौंडांची परवानगी होती. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्या शहरात येऊ नका असे कळवले. मित्र हसून म्हणाला, ‘त्या जाहिरातीनेच आम्हाला गावाचे नाव कळले.’ स्टॅनस्टेड विमानतळ, मग सफोकमधील स्ट्रॅडिशॉलची जुनी लष्करी छावणी, मग लेस्टरच्या होजियरी कारखान्यात रात्रपाळी. पदवीधर माणूस अकरा वर्षे मोज्यांच्या यंत्रावर उभा राहिला, नंतर कोपऱ्यावरचे छोटे दुकान घेतले.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटर त्याने मोठ्या अभिमानाने दाखवले. मूळ इमारत ख्रिस्ती प्रार्थनागृहाची. 1988 मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. एकाच छपराखाली श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर आणि स्थानक. आपल्याकडे एका गल्लीत जे जमत नाही, ते तेथे एका जिन्यावर जमले आहे. असो.

त्या रात्री त्याने कपाटातून लाल कापडाची एक वही काढली. त्याच्या वडिलांची कंपालाच्या कापडदुकानाची खातेवही. दागिने विमानतळाच्या वाटेवर काढून घेतले गेले. वहीला कुणी हात लावला नाही. आत उधारीची नावे, गावे, रकमा. वडील लेस्टरला वारेपर्यंत दर दिवाळीला नव्या वहीशेजारी हिचेही पूजन करीत. मित्रही करतो.

माझ्या मुलाने विचारले, ‘काका, ही बाकी अजून येणे म्हणून का ठेवली? बुडीत लिहून टाकायची.’

मित्र म्हणाला, ‘ही माणसे पळाली नव्हती, बेटा. पळालो आम्ही. मग बुडीत कशी लिहू?’

मुलगा काही बोलला नाही. रात्री उशिरा, बाहेर अजून पुरता अंधार नव्हता, तो माझ्या खोलीत आला. ‘बाबा, 2005 आठवते?’ मला आठवत होते. त्या पुरात हरिपूरची हळदीची पेवे पाण्याखाली गेली. आमच्या विश्वासावर शेतकऱ्यांनी ठेवलेला माल कुजला. आमच्यावर कायद्याने बोजा नव्हता, तरी मी कर्ज काढून त्यांची निम्मी रक्कम भागवली. त्याच सप्टेंबरात मुलाला इंग्लंडात प्रवेश मिळाला होता. मी त्याला विचारले नाही. पुढच्या वर्षी पाहू म्हणालो. पुढचे वर्ष आलेच नाही.

‘तेव्हा मला राग पैशाचा नव्हता,’ तो म्हणाला. ‘तुम्ही मला विचारले नाही, याचा होता. विचारले असते तर मीही तेच म्हणालो असतो.’

मी त्याला 1970 च्या पत्राची हकीकत सांगितली. त्याने ती प्रथमच ऐकली. माझ्याकडून चूक झाली, असेही मी म्हणालो. मुलाला हे सांगायला इतक्या दूर यावे लागले, याची आज लाज वाटते.

अँटवर्पविषयी थोडक्यात लिहितो. पालनपूरच्या मित्राचे कार्यालय होव्हेनिअर्सस्ट्राट या हिऱ्यांच्या गल्लीत आहे. गल्ली लहान, पहारा मोठा. विल्राइक उपनगरातील मंदिर अतिशय सुंदर आहे. मित्र आजारी होता, ओळखला मात्र लगेच. वहिनींनी आम्हाला चार दिवस हलू दिले नाही. मित्राची दोन्ही मुले हिऱ्यांत नाहीत. एक डॉक्टर, एक संगीत शिकवतो. तो त्याविषयी कुरकुरला नाही, पण पैलू पाडण्याचे त्याचे जुने भिंग नातवाच्या खेळण्यांत पडलेले दिसले.

परत आल्यावर पेढीवर सगळे जसेच्या तसे होते, फक्त पुतण्याने माझी गादी बदलली होती. अडत आवरती घेण्याचा विषय मुलाने अद्याप पुन्हा काढलेला नाही, मीही नाही. पासपोर्ट तिजोरीत एकत्र ठेवलेले असत. मी त्याचे आणि सूनबाईचे काढून त्याच्या हाती दिले. दर रविवारी तो लेस्टरच्या काकांना फोन करतो आणि बोलताना दार लोटून घेतो. सौ. म्हणते, विचारा तरी. मी अजून विचारलेले नाही. यंदाच्या दिवाळीत मात्र 2005 ची खातेवही माळ्यावरून खाली काढून मी पूजनाच्या पाटाशेजारी ठेवली, आणि तिच्यावर कुंकू मुलाने लावले.