मधला अंश

आमचे वडील दारूने गेले. एवढे साधे वाक्य कागदावर उतरविण्यास आम्हांला चाळीस वर्षे लागली. म्हणूनच थोरल्या बहिणीचा मुलगा गोव्यात जिन गाळणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागला, तेव्हा वर्षभर आम्ही त्याच्याशी धड बोललो नाही. अखेर गतवर्षी, नाताळानंतर, बहिणीच्या आग्रहाखातर त्याच्याकडे गेलो.

त्याने आम्हांस तांब्याचे पात्र दाखविले. जेमतेम तीनशे लिटरचे. धान्यापासून काढलेला, स्वतःची चव जवळजवळ नसलेला मद्यार्क त्यात पाण्यासह ओतावयाचा आणि ज्युनिपरची वाळलेली फळे घालावयाची. त्यांच्यावाचून जिन नाही. आपल्या वैद्यांची हपुषा त्याच कुळातली. सोबत धने, अँजेलिकाचे मूळ आणि लिंबा-संत्र्याची साल. रात्रभर भिजल्यावर सकाळी मंद आच द्यावयाची. वाफ वर चढते आणि थंड नळीतून थेंबाथेंबाने उतरते.

"मामा, खरं काम आता सुरू होतं," तो म्हणाला. सुरुवातीचा अंश उग्र. तो बाजूला काढावयाचा. शेवटचा जड, कुबट वासाचा, तोही नको. मधला तेवढाच ठेवून, पाणी घालून, त्याची तीव्रता ४२.८ टक्क्यांवर आणावयाची.

"मधला कुठे संपला, हे कसं कळतं?"

"तापमान यंत्र सांगतं. थांबायचं कधी, ते नाक सांगतं."

आम्ही गप्प झालो. वडिलांना नेमके हेच कधी कळले नाही. ज्या हातभट्टीवर ते जात, तिथे गाळणाराही काही टाकून देत नसे.

तरीही आमच्यातला मास्तर जागा झाला. जिनने लंडनमधील गरिबांची घरे कशी धुळीस मिळविली, १७५१ साली होगार्थने 'जिन लेन' हे चित्र कसे कोरले, त्याच वर्षी संसदेला कायदा कसा करावा लागला, हे सारे आम्ही त्याला ऐकविले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग चमचाभर जिन जिभेवर घेऊन त्याने ती मोरीत थुंकली.

"मी एवढंच करतो, मामा. आजोबांचं आईनं मला सगळं सांगितलंय."

घरातील ज्या गोष्टीवर आम्ही इतकी वर्षे झाकण ठेवले होते, ती या मुलाला ठाऊक होती. आणि ती ठाऊक असल्यामुळेच तो सावध होता. कानागावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे आम्ही लग्नाच्या मिस्सेत ऐकतो. पण त्याच संध्याकाळी मांडवात कोण कुठे थांबला, हे कोणी पाहत नाही. मुलांपासून आम्ही लपवितो ती बाटली नव्हे, तिची कहाणी; आणि राखण करते ती कहाणीच.

त्याने पुढे केलेल्या पेल्याचा आम्ही केवळ वास घेतला. रानातल्या पावसासारखा होता. पेला खाली ठेवला. त्याने आग्रह केला नाही.

निघताना आम्ही त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. तो लहान असताना करीत असू, तशी.