शिकागोचीं दोन मैदानें

शिकागोस भाच्याकडे जावयाचें ठरलें तेव्हां तेथें काय काय पाहावयाचें याची यादी मीं निघण्यापूर्वींच करून ठेविली होती. १८९३ सालीं स्वामी विवेकानंदांचें व्याख्यान जींत झालें ती वास्तु, मिशिगन सरोवर, उंचच उंच इमारती आणि पदार्थसंग्रहालयें, एवढेंच काय तें त्या यादींत होतें. खेळाच्या मैदानाचें नांवहि तींत नव्हतें. परंतु परत आल्यापासून "शिकागोस काय पाहिलेंत?" असें कोणीं विचारलें म्हणजे माझ्या तोंडीं प्रथम येतात तीं त्या शहरांतलीं बेसबॉलचीं दोन मैदानें, आणि तीं दोन्हीं मनांत बाळगणाऱ्या एक वृद्ध बाई.

शिकागो शहर सरोवराच्या कांठाकांठानें उत्तर-दक्षिण पसरलेलें आहे. उत्तर भागांत 'कब्स' संघाचें रिग्ली फील्ड. हें मैदान १९१४ सालचें. त्याच्या विटांच्या भिंतीवर १९३७ सालीं लाविलेली वेल अजून दर उन्हाळ्यांत हिरवीगार होते. दक्षिण भागांत 'व्हाइट सॉक्स', म्हणजे 'पांढरे मोजे' या संघाचें मैदान. तें १९९१ सालीं उघडलें. या संघाचें १९१० सालचें जुनें मैदान, कोमिस्की पार्क, शेजारींच होतें. तें पाडून तेथें मोटारी उभ्या करण्याची जागा केली आहे. दोन्हीं मैदानांमधलें अंतर सुमारें ८ मैल, आणि एकच आगगाडी तीं जोडते. उत्तरेच्या ॲडिसन स्थानकावर बसावें नि ३५ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावें. पण हे आठ मैल लोकांच्या मनांत फार लांबलेले आहेत. दक्षिणेस १८६५ पासून १९७१ पर्यंत जनावरांचा प्रचंड बाजार व मांसाचे कारखाने होते. त्यांच्या आधारानें आयरिश, पोलिश, लिथुएनियन नि पुढें निग्रो मजुरांच्या वस्त्या वाढल्या. उत्तरेची राहणी त्या मानानें सुखवस्तु. सरसकट असें नसलें तरी ज्या बाजूस मनुष्य जन्मला त्या बाजूचा संघ तो आपला मानतो, व बापामागून मुलाकडे तो वारसा जातो.

माझा भाचा रिग्ली फील्डपासून हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड करून राहतो. घराच्या मालकीण म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या, ऐंशी वर्षांच्या एक विधवा बाई. त्यांचे दोन मुलगे गांवांतच निराळे राहतात. पण आठवड्यांतून एकदां आईकडे जेवावयास येण्याचा नेम त्यांनीं मोडलेला नाहीं. त्यामुळें मला त्या घरीं फारसें परकें वाटलें नाहीं.

मी पोंचलें तो २०२५ सालचा मे महिना होता, आणि सारें शहर एका निराळ्याच गोष्टीनें गजबजलें होतें. ८ मे रोजीं रोमन कॅथॉलिक पंथाचे नवे पोप निवडले गेले, ते शिकागोंतले निघाले. आपल्याकडे अशा वेळीं त्यांचें कूळ व शिक्षण विचारलें असतें. शिकागोनें विचारलें, "ते कोणत्या संघाचे?" रिग्ली फील्डच्या दर्शनीं फलकावर त्याच दिवशीं, ते कब्सचे आहेत, अशी जाहिरात झळकली. लगेच पोपमहाशयांच्या बंधूंनीं खुलासा केला कीं, ते कब्सचे कधींच नव्हते, ते व्हाइट सॉक्सचे. पुढें २००५ सालच्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्याचीं चलच्चित्रें शोधतां त्यांत पांढऱ्या मोज्यांच्या बाजूनें बसलेले तेच सांपडले! या प्रकाराला हंसावें कीं काय, हें मला कळेना.

खेळ मला भाच्यानें समजावून दिला. क्रिकेटप्रमाणें येथेंहि एक गडी चेंडू फेंकतो व दुसरा तो टोलवितो. पण फळी चपटी नसून मुसळासारखी गोल. टोला बसल्यावर धांवावयाचें तें चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरून. आणि ज्या कोपऱ्यावरून निघाला तेथें गडी सुखरूप परत आला म्हणजे एक धांव. त्या कोपऱ्याला ते लोक 'होम', म्हणजे 'घर' म्हणतात. घरून निघून घरीं परतणें एवढाच जर खेळाचा अर्थ, तर तो समजावयास बायकांना वेळ लागूं नये!

त्याच आठवड्यांत, १६ ते १८ मे या तीन दिवशीं, दोन्ही संघांचे सामने रिग्ली फील्डवर होते. मीं उत्साहानें चौकशी केली तेव्हां भाचा हंसून म्हणाला, "आत्या, हिशेबानें पाहिलेंस तर या सामन्यांना कांहींच अर्थ नाहीं." त्याचा हिशेब असा : एका हंगामांत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यांपैकीं या वर्षीं हे दोघे एकमेकांशीं खेळणार अवघे ६. शिवाय दोघे दोन निरनिराळ्या मंडळांत, कब्स 'नॅशनल लीग'मध्यें व सॉक्स 'अमेरिकन लीग'मध्यें. एकाचा क्रम वर गेल्यानें दुसऱ्याचा खालीं येत नाहीं. "इतर कोणाकडून हरलें काय नि यांच्याकडून हरलें काय, सारखेंच. कब्सचे खरे वैरी सेंट लुईसचे. आणि गेल्या, २०२४ सालच्या हंगामांत सॉक्स १६२ पैकीं १२१ सामने हरले. एवढे सामने आधुनिक काळांत कोणीच हरलेलें नाहीं. त्यांच्याशीं कसली चुरस?"

हिशेब बिनतोड होता. तरीपण शहराचा इतिहास त्याला जुमानीत नाहीं. १९०६ सालीं कब्सनीं हंगामांत ११६ सामने जिंकले होते. तरी अंतिम मालिकेंत, फळीच्या कामांत दुबळे म्हणून प्रसिद्ध असलेल्या याच पांढऱ्या मोज्यांनीं त्यांना चारास दोन असें हरविलें. अंतिम मालिकेंत त्या दोघांची गांठ त्यानंतर कधींच पडली नाहीं. १९४२ पर्यंत हंगाम संपल्यावर शहरापुरती एक मालिका होत असे. पुढें तीहि बंद पडली व धर्मादाय निधीसाठीं होणारे हौशी सामने तेवढे राहिले. दोन मंडळांतल्या संघांनीं चालू हंगामांत एकमेकांशीं खेळण्याची पद्धत सुरू झाली ती १९९७ सालीं. ईर्ष्या केव्हां केव्हां हातघाईवरहि येते. २० मे २००६ रोजीं कब्सच्या मायकेल बॅरेटनें सॉक्सच्या ए. जे. पिर्झिन्स्कीच्या तोंडावर भर मैदानांत ठोसा लगाविला होता. ज्याला अर्थ नाहीं त्यासाठीं कोणी असें करील काय?

शुक्रवारीं दुपारीं आम्ही पहिल्या सामन्यास गेलों. मी, भाचा, घरमालकीण बाई, त्यांचे दोघे मुलगे आणि दहा वर्षांचा एक नातू. सारीं मंडळी कब्सच्या निळ्या पोषाखांत होतीं, बाईंच्याहि अंगांत मुलानें दिलेलें निळें जाकीट होतें. पण जागेवर बसतांच त्यांनीं पिशवींतून एक जुनी, उन्हानें विटलेली काळी टोपी काढली आणि शांतपणें डोक्यावर चढविली. टोपी सॉक्सची होती. मुलगे एकमेकांकडे पाहून हंसले. त्यांना हें नवें नसावें. कब्सनीं धांव काढली कीं बाई टाळ्या वाजवीत, आणि सॉक्सनीं काढली तरीहि वाजवीत. मात्र त्या दुसऱ्या वेळीं आमच्या रांगेंत त्या एकट्याच असत. शेवटीं नातवाला राहवेना. तो म्हणाला, "आजी, तूं त्यांच्यासाठीं टाळ्या कां वाजवितेस?" बाई म्हणाल्या, "घरीं गेल्यावर सांगेन."

कब्स जिंकले. आम्ही घरीं परतलों. मुलगे आपापल्या घरीं जावयास निघणार इतक्यांत सायंकाळीं शहरावर धुळीचें वादळ आलें. शिकागोस तशा वादळाचा इशारा पूर्वीं कधीं दिला गेला नव्हता म्हणतात. समोरचा रस्ता दिसेनासा झाला, मोटार हांकणें शक्य नव्हतें, आणि सारीं मंडळी बाईंच्या बैठकींत अडकून पडलीं. नातवानें प्रश्न पुन्हां विचारला.

बाई सांगूं लागल्या. त्यांचें माहेर दक्षिणेकडचें, जुन्या कोमिस्की पार्कच्या जवळचें. वडील जनावरांच्या बाजारांत हिशेबनीस होते. (कोणत्या बाजारांत हें ऐकतांना मला जरा कसेंसेंच झालें, पण पोट भरणाऱ्या बापाची लेकीला वाटणारी माया सगळीकडे सारखीच.) रविवारीं ते मुलीला खांद्यावर बसवून सामन्याला नेत. १९५९ सालीं सॉक्सनीं चाळीस वर्षांनीं आपल्या मंडळाचें विजेतेपद मिळविलें, त्या रात्रीं अग्निशमन खात्याच्या प्रमुखानें आनंदाच्या भरांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजविले. रशियाचे बाँब पडणार, अशा भीतीनें गांव हादरला. "आई आम्हांला तळघरांत ओढीत होती," बाई म्हणाल्या, "आणि वडील अंगणांत उभे राहून नाचत होते. त्यांना ठाऊक होतें कीं भोंगे कशाचे!"

१९६७ सालीं त्या लग्न होऊन उत्तरेस आल्या. सासरचें सारें घर कब्सचें. "मला कांहीं जड गेलें नाहीं," त्या म्हणाल्या, "कारण दोन संघ खऱ्या सामन्यांत समोरासमोर येतच नसत. एक माझ्या माहेरचा, एक सासरचा. दोघांचेंहि बरें चिंतावें, कोणाचें कांहीं बिघडत नसे. घरांत मात्र बोलणें एकाच संघाचें. हळूहळू मी दक्षिणेकडची आहें हेंच सारे विसरले. मुलें झालीं, तीं निळ्या टोप्या घालून वाढलीं. माझे वडील वारले, जुनें मैदान पडलें. माझ्याजवळ विचारावयास येण्यासारखें कांहीं राहिलेंच नाहीं."

मग १९९७ चा जून आला, आणि वेळापत्रकानें माहेर नि सासर समोरासमोर उभें केलें. त्या दिवशीं त्यांचे यजमान कामावरून येतांना एक काळी टोपी घेऊन आले, ती त्यांच्यापुढें ठेविली व म्हणाले, "आज या घरांत तुझ्या वडिलांची बाजू घ्यावयास कोणीतरी हवें." हीच ती टोपी. २००५ च्या ऑक्टोबरांत सॉक्सनीं ८८ वर्षांनीं अंतिम मालिका जिंकली. तेव्हां या गल्लींत कोठें दिवाहि लागला नाहीं. पण दुसरे दिवशीं सकाळीं यजमान त्यांना आगगाडीनें दक्षिणेस घेऊन गेले. पुढें यजमान गेले. २०१६ सालीं कब्सनीं १०८ वर्षांनीं तोच मान मिळविला, तेव्हां हजारों लोकांनीं रिग्ली फील्डच्या भिंतीवर आपल्या मेलेल्या माणसांचीं नांवें खडूनें लिहिलीं. मुलांनीं वडिलांचें नांव लिहिलें, व तें लिहितांना दोघेहि लहान मुलांसारखे रडले.

"तेव्हां तुम्ही मला विचारतां या सामन्यांना महत्त्व किती," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "माझ्या मुलांना विचाराल तर १६२ पैकीं सहा. मला मात्र वर्षांतले हेच कायते दिवस असे कीं, तूं मूळची कोठली, असें या घरांत मला कोणीतरी विचारतें."

खोलींत कोणी बोललें नाहीं. थोरला मुलगा, जो मैदानावर हंसला होता, तो खालीं मान घालून म्हणाला, "आजोबा हिशेबनीस होते हें मला माहीत नव्हतें." पन्नाशी उलटलेला मनुष्य तो! नातू विचारूं लागला कीं त्या मैदानाचें आतां काय झालें, आणि तेथें जातां येईल काय.

पुढचे दोन्ही सामने कब्सनींच जिंकले. सोमवारीं आम्ही दक्षिणेस गेलों. मी, बाई, आणि शाळा बुडविण्याची परवानगी मिळालेला तो नातू. जुन्या कोमिस्की पार्कच्या जागीं मोटारींसाठीं आंखलेल्या रेघांमध्यें एक संगमरवरी फरशी बसविलेली आहे. जुन्या मैदानाचें 'घर' जेथें होतें तेथेंच ती आहे. २००५ सालीं यजमान बाईंना येथेंच घेऊन आले होते. बाईंनीं काळी टोपी काढून नातवाच्या डोक्यावर ठेविली. ती त्याच्या कानांवर आली. मग पणजोबा कोणत्या बाजूस बसत, तें त्या हातानें त्याला दाखवूं लागल्या. आणि जेथें मोटारींवांचून कांहीं नव्हतें तेथें तो मुलगा टक लावून पाहूं लागला.

आपल्या घरांतल्या सुनांनाहि माहेरीं काय आवडे, त्यांचे वडील कोणत्या गोष्टीनें हर्षून जात, हें वर्षाकांठीं एकदां तरी आपण विचारतों काय? मी स्वतः चाळीस वर्षें सासूपणा केला; मींहि विचारलें नव्हतें. परत आल्यावर पहिल्याच रात्रीं मीं धाकट्या सुनेला जवळ बसवून विचारलें. ती प्रथम संकोचली. मग बोलूं लागली, आणि दिवा मालवावयास त्या रात्रीं आम्हांला बराच उशीर झाला.