अंधारात सुटणारी गाठ

आमच्या घरी दोर विकत आणायची पद्धतच नव्हती. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवायची, कुटायची, निघालेल्या काथ्याचा सुंभ वळायचा आणि वर्षभर त्यावर भागवायचं. श्रीवर्धनकडच्या वाड्यांत वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. सुंभ हाताला काचतो, भिजला की जड होतो, पण त्याच्या खरखरीतपणाचा एक फायदा असतो: तो स्वतःलाच धरून ठेवतो. साधी गाठसुद्धा त्यावर नीट बसते. हे किती मोलाचं आहे ते पुढे प्लास्टिकचे दोर हाताळताना कळलं.

गुरांची दावी बांधणं हे तात्यांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं काम. खुंट्याला वेढा आणि वर सुरगाठ. शेंडा ओढला की दावं मोकळं. आम्हा पोरांना वाटे, चार निरगाठी मारल्या की गुरं सुटायची भीती नाही. तात्या म्हणत, "गाठ अंधारात सुटली पाहिजे. रात्री गोठ्यात वाघ शिरला तर कंदील शोधत बसशील काय?" बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. तो खरोखर आलेला मी कधी पाहिला नाही, पण त्याच्या नावानं मिळालेली ही कसोटी मला जन्मभर पुरली. गाठ किती घट्ट बसली याचं कौतुक सगळेच करतात. ती ओझं पेलून झाल्यावर, भिजल्यावर, घाईत, नुसत्या बोटांना सुटते का, हे विचारणारा माणूस विरळा.

दोर आणखी दोन ठिकाणी दिसे. आई केळीच्या दोऱ्यात अबोलीचा वळेसर गुंफायची. सुई नाही, नुसता देठांवरून वेढा, पुढचा वेढा मागच्याला दाबून धरायचा. आणि सुपारी पाडायला येणारा गडी दोन्ही पायांत सुंभाचं कडं अडकवून पोफळीवर सरसर चढायचा. वर गेल्यावर झाड झुलवून शेजारच्या पोफळीला हात घालायचा आणि जमिनीवर न उतरता पुढच्या झाडावर. कमरेला दोर नाही, खाली जाळी नाही. आम्ही तोंडाचा आ करून बघत असू. आज आठवलं तर पोटात गोळा येतो. त्याचा सगळा भरवसा त्या कड्याच्या एका गाठीवर असे. ती गाठ तो पाय आणि खोड यांच्या मधे कधी येऊ देत नसे, बाहेरच्या अंगाला ठेवी.

शाळेत गाइडच्या तासाला बाईंनी रीफ नॉट शिकवली. पट्टी बांधायला ती झकास: सपाट बसते, टोचत नाही, चटकन सुटते. पण दोन दोर जोडायलाही हीच वापरायची, असा समज बहुतेकांच्या डोक्यात तिथूनच पक्का होतो. क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकार-खलाशानं अकरा वर्षं खपून गाठींचा एक ग्रंथ १९४४ साली काढला. त्यात साडेतीन हजारांहून जास्त गाठी आहेत. दोर जोडायला वापरलेल्या रीफ नॉटनं बाकी साऱ्या गाठींनी मिळून घेतले नसतील इतके बळी घेतले असावेत, असं त्याचं मत. एका टोकाला वेडावाकडा हिसका बसला की ती उलटते आणि दोर घसरून मोकळा होतो. पहिल्या तासाला हेही सांगायला हवं, पण सांगत नाहीत.

कॉलेजसाठी मुंबईला आले आणि कान्हेरीच्या कातळावर चढाई करण्यात रविवार जाऊ लागले. तिथं एक शिस्त लागली. गाठ बांधून भागत नाही, ती 'ड्रेस' करावी लागते. म्हणजे पदर एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसवायचे, मग प्रत्येक पदर ओढून गाठ आवळायची, मग सोबत्याला दाखवायची. बोलाइन शिकवताना सशाची गोष्ट सांगत: ससा बिळातून निघतो, झाडाला वळसा घालतो आणि परत बिळात शिरतो. ही गाठ केवढाही भार पडला तरी आवळून बसत नाही, नंतर सुटते. मात्र कडक दोरात, भार नसताना हलत राहिली तर आपोआप सैल होते, म्हणून शेपटाला आणखी एक गाठ लागते. सशाच्या गोष्टीत हा भाग नाही.

पण जीव जडला तो प्रुसिकवर. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं ती १९३१ साली मांडली. जाड दोरावर बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे, बस. भार टाकला की पकडते, भार काढून हातानं सरकवली की सरकते. फक्त घर्षणाच्या जोरावर माणूस दोरावर लटकतो आणि हवं तेव्हा वर सरकतो.

झाडांच्या कामाकडे मी चाळिशीनंतर वळले. डोंगरातला एक जुना मित्र मुंबईत दोरावरून झाडांची छाटणी करू लागला होता, त्याच्याबरोबर. झाडावरची पद्धत कातळापेक्षा वेगळी. दोर वरच्या भक्कम फांदीवरून टाकायचा, एक टोक कमरेच्या पट्ट्याला बांधायचं आणि उरलेल्या शेपटानं समोरच्या उभ्या दोरावर पकडीची गाठ मारायची. तिथं ब्लेक्स हिच वापरतात. हाइन्झ प्रोहास्का या ऑस्ट्रियन माणसानं ती १९८१ मध्ये छापली होती. १९९४ मध्ये जेसन ब्लेक या वृक्षकर्मीनं स्वतंत्रपणे ती एका अमेरिकन मासिकाला कळवली आणि नाव त्याचं लागलं.

ही गाठ मारताना अंगठा दोरावर आडवा धरायचा. खालून वर चार वेढे घ्यायचे, त्यातले पहिले दोन अंगठ्यासकट. शेपूट खाली आणून पट्ट्याकडून येणाऱ्या दोराच्या पुढून घ्यायचं, उभ्या दोराच्या मागून फिरवायचं आणि अंगठा काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळीतून बाहेर ओढायचं. शेवटी शेपटाला इंग्रजी आठाची गाठ. मग जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून आधी लटकून पाहायचं. (हे वाचून कुणी झाडावर चढू नये. गाठी शेजारी बसून, हातात हात धरून शिकायच्या असतात.) गाठीवर हात ठेवून हळूच दाबलं की खाली उतरता येतं. घाईनं सर्रकन उतरलं तर वेढ्यांखालचा दोर तापतो, वितळून चकाकतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. तसा दोर पुढच्या वेळी पकडेलच याची खात्री नाही. झाडाचाही विचार असतो. दोर सालीवर घासत राहिला तर सालीखालचा जिवंत थर सोलवटतो, म्हणून फांदीवर आधी कडी असलेला पट्टा बसवून त्यातून दोर घेतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. वाट मोकळी होताच आम्ही काहीजण दोर घेऊन गेलो. एका घराच्या कौलांवर आंब्याची मांडीएवढी फांदी अर्धवट मोडून रेलली होती. नुसती कापली असती तर छप्पर घेऊन खाली आली असती. मित्रानं वरच्या दुबेळक्यातून दोर घेतला आणि फांदीला रनिंग बोलाइन टाकली. ही बोलाइन स्वतःच्याच दोरावर सरकते, फास ओढला की आवळतो आणि काम झाल्यावर सैल होतो. त्याच्या मागे फांदीवर अर्धी गाठ, जोर एकाच जागी येऊ नये म्हणून. खाली फणसाच्या खोडाला दोराचे तीन वेढे दिले आणि दोर माझ्या हाती आला. वर करवतीचा आवाज थांबला, फांदी हलली, दोर ताणला गेला आणि वेढ्यांनी बहुतेक सगळं ओझं खोडावर घेतलं. हाताला लागला तो थोडासा ओढा. बोटं सैल करत गेले तशी फांदी अंगणात उतरली. एक कौल फुटलं, तेही आधीच तडकलेलं असावं. मग पावसातच मित्रानं बोलाइनचा बाक मागे दुमडला आणि गाठ सुटली. तात्या असते तर त्यांनी आधी हेच पाहिलं असतं.

शहरात मात्र चित्र वेगळं. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. फांदी तोडायची तर परवानगी लागते, आणि सोसायट्या त्या कागदासाठी खेटे घालतात. पण कागद हाती आला की एप्रिल-मेमध्ये शिरिषावर, गुलमोहरावर जो माणूस चढतो त्याच्या कमरेला काय असतं? किलोवर मिळणारा निळा किंवा हिरवा प्लास्टिकचा दोर, तोही कुणा टेंपोवरून उतरवलेला. पॉलिप्रॉपिलीनचा हा दोर गुळगुळीत. त्यात गाठ सरकते, आणि तो सुमारे १६० अंशांना वितळतो, नायलॉनच्या बराच आधी. शिवाय कुठल्याही दोरात गाठ मारली की त्याची ताकद बरीच घटते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हा माणूस अडाणी नसतो. झाडाची चाल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. त्याला पट्टा आणि चांगला दोर मिळालेला नसतो, कारण दरपत्रकात त्यासाठी रकानाच नसतो.

तुमच्या सोसायटीत यंदा छाटणी असेल तर कंत्राटदाराला भाव विचारायच्या आधी एवढंच विचारा: वर जाणारा माणूस कशाला बांधलेला असेल, आणि फांदी खाली कशी उतरवणार? उत्तर नीट आलं नाही तर काम देऊ नका. चांगल्या दोराचे आणि पट्ट्याचे पैसे जास्त पडतात, ते वर्गणीत धरा.