बिऱ्हाड हलवितांना

दसरा-दिवाळी उलटली कीं पाथर्डी तालुक्यांतील वाड्यावस्त्या ओस पडूं लागतात. ट्रकांतून, ट्रॅक्टरांतून बिऱ्हाडें निघतात. चूल, भांडीं, पांघरुणें, कोंबड्या, पोरें आणि कोयते. कोल्हापूर, सांगली, सातारा, पलीकडे कर्नाटक. जिकडे ऊस तिकडे हीं माणसें पांच-सहा महिन्यांकरितां जातात. आमच्या वर्गांतले कांहीं विद्यार्थी याच घरांतले. त्यामुळें संगणकशास्त्रांतील ‘पोर्टिंग’ या शब्दास मराठी प्रतिशब्द शोधण्यासाठीं आम्हांस कोशाकडे धांव घ्यावी लागली नाहीं. एका ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा प्रोग्राम उचलून दुसरीवर नांदता करणें म्हणजे बिऱ्हाड हलविणें. पाथर्डीच्या मुलास याहून अधिक कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं.

सी भाषा जन्मली तीच मुळीं अशा हलवाहलवीसाठीं, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. तें सर्वस्वीं खरें नाहीं. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत ती घडविली, ती डोळ्यांसमोरच्या एका यंत्रासाठीं. १९७३ सालीं युनिक्सचा गाभा त्या भाषेंत फिरून लिहिला गेला, आणि रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनीं तो १९७७-७८ मध्यें इंटरडेटा नांवाच्या निराळ्याच घडणीच्या यंत्रावर नेऊन बसविला, तेव्हां कोठें हें बिऱ्हाड हलतें अशी लोकांची खात्री पटली. त्या काळची एक गंमत संगणकाच्या लोकांत अजून सांगतात. युनिक्स हें नांव छापण्यास सांगितलें असतां दुसऱ्या यंत्रानें जोडीजोडीनें अक्षरें उलटून ‘नुक्सी’ असें छापलें. या गमतीच्या पोटांत काय दडलें आहे, तें पुढें येईलच.

व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्राम कोठेंही नेला तरी बहुधा रुळतो. तारेशीं थेट बोलणाऱ्या प्रोग्रामाचें तसें नसतें. तो जितका खालच्या थरावरचा, तितकीं त्याचीं मुळें त्या त्या मातींत खोल गेलेलीं असतात. १९८३ सालीं बर्कली येथील युनिक्सनें ‘सॉकेट’ नांवाचें दार बसविलें आणि पुढें बहुतेकांनीं त्याच मापाचीं दारें करून घेतलीं. आपल्याकडे १९८६ सालीं अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यांत मुंबईचें एन्. सी. एस्. टी. व पवईची आय्. आय्. टी. या दोन्ही संस्था होत्या. सामान्य नागरिकाच्या घरीं इंटरनेट आलें तें १५ ऑगस्ट १९९५ नंतर. तोंपर्यंत विंडोजनेंही १९९२ सालीं ठरलेल्या विनसॉक या संकेतान्वयें आपलें सॉकेट तयार केलें होतें. दार दिसावयास तेंच. परंतु युनिक्समध्यें सॉकेट हें फाइलीचें भावंड. फाइल जशी बंद करावी तसेंच तेंही बंद होतें. विंडोजमध्यें त्यास बंद करण्याची आज्ञा निराळी, चूक काय झाली तें विचारण्याची रीत निराळी, आणि आरंभीं एकदां वर्दी दिल्यावांचून तर कामच सुरू होत नाहीं.

असे भेद आम्हांस फारसे भीतिदायक वाटत नाहींत. आज्ञेचें नांव चुकलें तर कंपायलर तत्काळ ओरडतो, आणि वर्दी विसरली तर पहिल्याच पावलास नन्नाचा पाढा ऐकूं येतो. भय आहे तें न ओरडणाऱ्या भेदांचें. ‘सिलेक्ट’ नांवाची एक आज्ञा आहे: अमुक सेकंद वाट पाहा, तोंवर कोणी आलें तर सांग. आपण तिच्या हातीं पांच सेकंद लावलेलें घड्याळ देतों. पुष्कळशीं युनिक्सें तें जसेंच्या तसें परत करितात. लिनक्स मात्र उरलेला वेळ त्यावर लावून परत करितें. जुन्या गांवच्या संवयीनें तेंच घड्याळ पुन्हा हातीं दिलें, तर तें शून्यावर असतें, आणि आतां प्रोग्राम क्षणभरही न थांबतां गरगर फिरूं लागतो. आज्ञेंत चूक नाहीं, व्याकरणांत नाहीं, कंपायलर संतुष्ट. केवळ यंत्र तापतें! तसेंच, पाकिटाचें शीर्ष स्वतःच्या हातानें लिहिणाऱ्या प्रोग्रामास पाकिटाची लांबी जुन्या बी. एस्. डी. मध्यें यंत्राच्या बोलींत लिहावी लागे, तर लिनक्सवर तारेच्या बोलींत.

ही यंत्राची बोली व तारेची बोली म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. एका बाईटांत ० पासून २५५ पर्यंतचे आंकडे मावतात. त्याहून मोठा आंकडा दोन बाईटांत ठेवितात: एकांत २५६ चे गठ्ठे किती, आणि दुसऱ्यांत सुटे किती. आतां गठ्ठे आधीं ठेवावे कीं सुटे? इंटेलच्या जातीचीं यंत्रें सुटे आधीं ठेवितात. सनचीं जुनीं स्पार्क यंत्रें गठ्ठे आधीं ठेवीत. आणि इंटरनेटच्या तारेवर गठ्ठे आधीं, असा नियमच आहे. गलिव्हरच्या प्रवासांत (१७२६) अंडें मोठ्या टोंकाकडून फोडावें कीं लहान, यावरून स्विफ्टनें दोन राज्यांत युद्ध लावून दिलें आहे. डॅनी कोहेन यांनीं १ एप्रिल १९८० रोजीं लिहिलेल्या एका टिपणांत त्या भांडणाचीं नांवें या भांडणास दिलीं. तीं इतकीं चिकटलीं कीं आमच्या विद्यार्थ्यांस बिग-एंडियन शब्द तोंडपाठ असतो आणि स्विफ्टचें नांवही ठाऊक नसतें. असो.

मराठी माणसानें मात्र या वादाचें नवल मानूं नये. आपण २५ लिहितांना दोन आधीं लिहितों आणि वाचतांना ‘पंचवीस’ म्हणजे पांच आधीं म्हणतों. लेखणी एका पंथाची, जीभ दुसऱ्या पंथाची, आणि दोन्ही एकाच घरांत सुखानें नांदतात. (इंग्रजही तेरापासून एकोणीसपर्यंत आपल्याच पंक्तीला बसतो, आणि विसापुढें उठून जातो.) जुन्या शिलालेखांत व पोथ्यांच्या अखेरीस शकाचा आंकडा शब्दांनीं सांगण्याची चाल होती, वेद म्हणजे चार, ऋषि म्हणजे सात. तेथेंही एकम् स्थान आधीं येतें. वाचणाऱ्यास ती चाल ठाऊक असली म्हणजे अडत नाहीं. नसली तर शतकांची उलथापालथ होते.

वर्गांत हा भाग शिकवितांना आम्ही उदाहरण घेतों तें उसाच्या काट्याचें. समजा, वजनकाट्यावरचें यंत्र गाडीचें निव्वळ वजन दोन बाईटांत कचेरींतल्या संगणकाकडे पाठवितें, गठ्ठे आधीं. (कारखान्यांतून रूढ असलेल्या मॉडबस या १९७९ सालच्या संकेतांतही क्रम हाच आहे.) कचेरींत पूर्वीं स्पार्क यंत्र होतें. आलेले दोन बाईट तसेच उचलून आंकडा म्हणून वाचावे, इतकाच प्रोग्राम. आणि तो वर्षानुवर्षें बिनचूक चालला, कारण यंत्राची व तारेची बोली एकच होती. क्रम बदलून घेण्याचीं साधनें सॉकेटाबरोबर मिळतात. परंतु स्पार्कवर तीं कांहींच करीत नाहींत, म्हणून गाळलीं तरी कळत नाहीं. पुढें स्पार्क गेलें, इंटेल आलें. प्रोग्राम नव्या घरीं नेला, कंपायलरनें हूं कीं चूं केलें नाहीं. चांचणीसाठीं एक गाडी काट्यावर घातली: १५४२ किलो. संगणकानें १५४२ च दाखविलें, कारण १५४२ म्हणजे सहा गठ्ठे आणि सहा सुटे. उलटें केलें तरी तेंच. सर्वांनीं समाधान मानलें. दुसरी गाडी आली १५३६ किलोची, म्हणजे सहा गठ्ठे आणि शून्य सुटे. संगणक म्हणाला, ६ किलो.

येथें वर्ग हंसतो. दरवर्षीं हंसतो. एका वर्षीं मागच्या बांकावरचा एक मुलगा हंसला नाहीं. त्याचे आईबाप त्या वेळीं कोयत्यावर होते. तो म्हणाला, “सर, सहा किलो दिसलं तर कुणीबी ओरडंल. पण गाडी १५४१ ची असली तर?”

आम्हीं फळ्यावर मांडून पाहिलें. १५४१ म्हणजे सहा गठ्ठे आणि पांच सुटे. उलट वाचलें तर पांच गठ्ठे आणि सहा सुटे: १२८६. वर्ग शांत झाला. १२८६ किलो हें कोणत्याही बैलगाडीचें वजन असूं शकतें. त्यावर कोणी ओरडणार नाहीं.

“मग हे दोनशे पंचावन्न किलो कुणाच्या वाट्याचे गेले?” त्यानें विचारलें.

ऊसतोडीचा हिशेब टनावर होतो. हंगामाआधीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती टनाटनानें फिटते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहांटेच्या थंडींत उभें राहून दोघांनीं जें तोडलें, बांधलें, वाहिलें, त्यांतले अडीचशें किलो कमी लागले तर ती उचल तितकी लांबते, आणि पुढच्या सालच्या अंगावर जाते. काटा मारणें हा शब्द आमच्या भागांत पोरासोरांस ठाऊक आहे. त्या शब्दांत निदान मारणारा कोणी तरी असतो. येथें तोही नाहीं. काटा खरा, तार खरी. वाटेंत बाईट बिघडला का हें पाहणारा इंटरनेटचा पडताळाही खरा, कारण वाटेंत कांहींच बिघडलेलें नाहीं. पाकीट घरीं सुखरूप पोंचलें, आणि उंबऱ्याच्या आंत उलटें वाचलें गेलें. शिवाय उलट्या वाचनांत कधीं वजन वाढेलही, म्हणजे महिन्याची बेरीज फारशी चुकलेली दिसेलच असें नाहीं. चुकेल ती एकेकाची.

त्या मुलास आम्हीं विचारलें, असें झालें तर तुझ्या घरीं कळेल का? तो म्हणाला, “आई मोळ्या मोजते. इतक्या मोळ्यांची गाडी किती भरते, ते तिला काट्याआधीच कळतं.” प्रोग्राम लिहिणारांच्या शिस्तींत यासच स्वतंत्र पडताळा म्हणतात, आणि बरे बरे लोक तो ठेवावयाचा आळस करितात.

उपाय शास्त्राला जुनाच ठाऊक आहे. दोन बाईट यंत्राच्या मर्जीवर सोडूं नयेत. एकेक उचलावा, पहिल्यास २५६ नें गुणावें, दुसरा मिळवावा. हें गणित कोणत्याही यंत्रावर तेंच राहतें, मग त्याची बोली कोणतीही असो. त्या मुलानें तसा प्रोग्राम लिहून आणला. दोन बाईटांत मावणाऱ्या ६५,५३६ आंकड्यांपैकीं उलटसुलट सारखे असे २५६ आहेत, हें त्यानें आपणहून काढलें होतें, आणि ते चांचणींतून वगळले होते. गठ्ठे आधीं ठेवणारें यंत्र आतां पाथर्डींत कोठून मिळणार? क्यूएमू नांवाचा प्रोग्राम तसल्या यंत्राचें सोंग हुबेहूब वठवितो. त्यावर एकदां आणि प्रयोगशाळेंतल्या इंटेलवर एकदां, असा त्यानें तो चालवून दाखविला. पहिला आंकडा त्यानें १५४१ दिला. दोन्हीकडे १५४१ आला. मग त्यानें बाकीचे आंकडे एकामागून एक सोडले, आणि शेवटचा येईपर्यंत खुर्चीवर बसला नाहीं.