उतरणीचा दिवस

ट्रेकची वर्णनं बहुतेक वेळा वर पोचल्यावर संपतात. झेंडा, फोटो, 'गणपती बाप्पा मोरया' आणि समाप्त! वर गेलेली मंडळी खाली कशी आली, हे कुणी लिहीत नाही. म्हणून आमच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या (५३६४ मीटर) ट्रेकमधला मी फक्त शेवटचा दिवस सांगणार आहे, नामचे बाजार ते लुक्ला. बाकीच्या दिवसांचे फोटो आमच्या खोलीत आहेत, केव्हाही या. चहा मात्र आपापला आणा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ जण नेपाळला गेलो होतो. चार मेकॅनिकल, तीन कॉम्प आणि सिव्हिलची एकटी. सोबत एक गाइड आणि दोघांच्या सामानाला एक असे चार पोर्टर. पोर्टरला 'शेर्पा' म्हणायचं नाही, हे गाइडने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेर्पा ही जमात आहे, हुद्दा नव्हे. आमच्या दोघांच्या बॅगा वाहणारे दाइ (म्हणजे आपला दादा) राई समाजाचे होते.

नामचे ३४४० मीटरवर, लुक्ला साधारण २८६० वर. म्हणजे आता नुसतं घरंगळत जायचं, अशा थाटात सगळे निघाले. पण ही वाट आधी फाकदिंगला २६१० मीटरपर्यंत खाली नेते आणि मग पाय संपल्यावर अडीचशे मीटर पुन्हा चढायला लावते. शेवटचा पेपर टाकून बाहेर यावं आणि कळावं की उद्या व्हायवा आहे, अगदी तसं.

नामचेच्या उतरणीवरच सिव्हिलवालीचा उजवा गुडघा बोलायला लागला. क्रेप बँडेज बांधलं, दोन काठ्या दिल्या. आमचा खजिनदार म्हणजे काठमांडूतल्या लिंबूपाण्याचाही हिशोब लिहून ठेवणारा प्राणी. तो म्हणाला, "घोडा करू. पैसे मी देतो." सगळे गार! पण ती म्हणाली, "वर चालत गेले, खालीही चालतच येणार." लुक्ल्याला दुसऱ्या दिवशीच्या विमानाची खात्री करून घ्यायची होती, म्हणून गाइड सहा जणांना घेऊन पुढे गेला. मागे राहिलो तिघं. ती, मी आणि दाइ.

दाइंच्या पाठीवर आमच्या दोन बॅगा, वर त्यांचं गाठोडं. सगळा भार कपाळावरच्या पट्ट्यावर. त्याला नाम्लो म्हणतात. हातात टी आकाराची आखूड काठी, तिचं नाव टोक्मा. दमलं की ती मागे ओझ्याखाली टेकवायची आणि उभ्याउभ्याच विसावा घ्यायचा. ओझं उतरवणं नको, पुन्हा उचलणं नको. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात या भागातल्या हमालांवर अभ्यास आला होता. नामचेच्या आठवडी बाजाराला माल आणणारे पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भार वाहत होते! त्यांची रीत एकच, सावकाश चालायचं आणि वारंवार थांबायचं. दाइंनी तिला हेच दोन शब्दांत सांगितलं, "बिस्तारै, बहिनी." मग ठरलं, टोक्मा टेकला की आपण थांबायचं, उचलला की चालायचं.

दूधकोशीवरचा हिलरी पूल आला. समोरून खेचरांचा तांडा येत होता, म्हणून अलीकडेच डोंगराच्या अंगाला चिकटून उभे राहिलो. (दरीच्या बाजूला कधीही उभं राहू नये. एक धक्का पुरतो.) सिव्हिलवालीने गुडघा विसरून मला केबल, अँकर ब्लॉक, सस्पेंडर असं दाखवायला सुरुवात केली. दाइ ऐकत होते. त्यांना हिंदी चांगलं यायचं. म्हणाले, "एवढी लांब केबल इथे आली कशी, ते सांगा."

"ट्रकने..." म्हणता म्हणता ती थांबली. ट्रक कुठला? या वाटेवर गाडीचा रस्ताच नाही.

मग दाइंनी सांगितलं. त्यांच्या गावच्या पुलाची केबल त्यांनी स्वतः वाहिली होती. केबल कापून तुकड्यांनी नेता येत नाही. म्हणून एकेकाच्या पाठीवर एकेक वेटोळं आणि दोन माणसांमध्ये केबल लोंबती. अशी माणसांची रांगच्या रांग एका केबलला जखडलेली. एक थांबला की सगळे थांबणार, एकाचा पाय घसरला की सगळ्यांना ओढ बसणार. "तीन दिवस लागले. आता माझी मुलगी त्या पुलावरून शाळेत जाते."

आणि तिला विचारलं, "तुम्ही पूल बांधणार?"

तिने प्लेसमेंटसाठी सॉफ्टवेअर कंपनीचा फॉर्म भरलाय, हे मला ठाऊक होतं. ती काहीच बोलली नाही. खेचरं गेली, आम्ही पूल ओलांडला.

मोंजोला राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीवर नोंद केली, फाकदिंगला दाल-भात हाणला. चेप्लुंगनंतरच्या चढावर अंधार पडला. हेडटॉर्चच्या उजेडात दहा पावलं आणि टोक्मा, पुन्हा दहा पावलं आणि टोक्मा. पावणेसहाला लुक्ल्याची कमान दिसली. ती पासांग ल्हामू शेर्पा यांच्या नावाची आहे. १९९३ साली एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या पहिल्या नेपाळी स्त्री. त्यांचा मृत्यू झाला तो उतरताना. कमानीखाली आमचे सहा जण थर्मास घेऊन थंडीत कुडकुडत उभे होते.

रात्री बक्षिशीची पाकिटं भरायची होती. रक्कम आधीच ठरलेली. पुलावरची गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती. खजिनदाराने टोपी फिरवली आणि जाहीर केलं, "काठमांडूची खरेदी रद्द." घोड्याचे पैसेही त्याने त्यातच टाकले. पहिल्यांदाच त्याच्या वहीत त्याची नोंद नाही. दाइंनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि तिला म्हणाले, "गुडघ्याला तेल लाव."

लुक्ल्याची धावपट्टी फक्त ५२७ मीटर, ढाळ ११.७ टक्के. सकाळी त्या उतारावरून सुटलो आणि काही मिनिटांत आम्ही मंथलीच्या विमानतळावर होतो.

सिव्हिलवालीने यंदा प्रोजेक्टला पादचारी झुलता पूल घेतलाय. फॉर्म तिने मागे घेतलेला नाही, तेही खरं. पण रिपोर्टमध्ये सरांनी न सांगितलेलं एक प्रकरण आहे, 'साहित्याची वाहतूक'. सुरुवातीलाच हिशोब मांडलाय. केबलचं वजन किती, आणि ते किती माणसांच्या पाठीवर.